मोठ्या जातीचे पिल्लू वारंवार लंगडते : कारण कसे शोधावे, काय बदलावे

समस्या साधारणपणे अशी असते. पाच-सहा महिन्यांचे धिप्पाड पिल्लू सकाळी उठताना एक पाय जपून टाकते, थोडे चालले की चाल सुधारते, दोन दिवसांत सारे पूर्ववत दिसू लागते आणि दोन-तीन आठवड्यांनी तेच लंगडणे पुन्हा सुरू होते. कधी त्याच पायात, कधी दुसऱ्याच. दरवेळी ‘खेळताना मुरगळला असेल’ असे म्हणून वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात, लंगडणे थांबते आणि प्रश्न मिटला असे घरातले सर्वजण समजतात. जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा जाती पाळणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. माझे ठाम मत असे आहे की वाढत्या पिल्लाचे लंगडणे एकदा थांबून पुन्हा सुरू झाले, तर ते साधे मुरगळणे नाही असेच गृहीत धरावे आणि कारणाचा शोध घ्यावा. ते कोणत्या पायात, किती दिवसांनी आणि कशानंतर परतते यातच त्या कारणाचा माग असतो. आणि उपायाचा मोठा भाग बरेचदा औषधात नसून पिल्लाच्या खाण्यात, वजनात आणि पायाखालच्या जमिनीत असतो.

मोठ्या जातींच्याच वाट्याला हे का येते, तेही समजून घ्यायला हवे. ग्रेट डेनसारख्या महाकाय जातीचे पिल्लू जन्मतः अर्ध्या-पाऊण किलोचे असते आणि दीड वर्षाच्या आसपास त्याच्या जवळजवळ शंभरपट होते. ही वाढ लांब हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांत होते. त्यांना ग्रोथ प्लेट म्हणतात. या पट्ट्या हाडाच्या मानाने मऊ असतात आणि मोठ्या जातींमध्ये त्यांतल्या बऱ्याचशा बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, तर महाकाय जातींमध्ये त्याहूनही उशिरा, हाडात रूपांतरित होऊन बंद होतात. तोपर्यंत चाळीस किलोंकडे निघालेले शरीर अजून पक्क्या न झालेल्या सांगाड्यावर उभे असते. वाढ जितकी वेगाने, तितका हा ताण अधिक.

वाट पाहू नये अशी लक्षणे

पुढचे सगळे वाचण्याआधी एवढे तपासून घ्यावे. पिल्लू पाय जमिनीला अजिबात टेकवत नसेल, मनगटाच्या किंवा घोट्याच्या किंचित वर सूज येऊन ती जागा गरम लागत असेल, पिल्लाने खाणे सोडले असेल, ते उभे राहायलाच तयार नसेल किंवा पायाचा आकारच वाकडा दिसू लागला असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. कुत्र्याचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. पिल्लू शांत असताना ते ३९.५ च्या वर गेले आणि सोबत लंगडणे असेल, तर ते घरी सांभाळण्याचे दुखणे नव्हे. वाकडेपणाबाबत विशेष घाई करावी. पुढच्या पायात दोन हाडे शेजारी-शेजारी वाढतात आणि त्यांपैकी अल्ना या हाडाची मनगटाजवळची ग्रोथ प्लेट शंकूच्या आकाराची असल्याने पडण्या-आदळण्याने सहज दुखावते. ती वेळेआधी बंद झाली की एक हाड थांबते, दुसरे वाढतच राहते आणि पाय धनुष्यासारखा वाकून पंजा बाहेर वळतो. अशा वेळी महिनाभर थांबणे म्हणजे शस्त्रक्रिया अधिक अवघड करून ठेवणे होय.

नेमका पाय आणि नेमकी जागा

‘पुढचा उजवा’ असे खात्रीने सांगणाऱ्या घरांतही अनेकदा दुखरा पाय डावा निघतो, कारण माणसाची नजर पायाकडे जाते आणि खरी खूण डोक्यात असते. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर टेकताना पिल्लू डोके वर उचलते आणि चांगल्या पायावर भार येताना डोके खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा खुबा चालताना जास्त वर-खाली होतो. हे पाहण्यासाठी पिल्लाला सपाट, घसरत नाही अशा जागेवर, पट्टा पूर्ण सैल ठेवून, आधी सावकाश आणि मग दुडक्या चालीने चालवावे आणि समोरून, मागून व बाजूने मोबाइलवर चित्रित करावे. चित्रफीत संथ गतीने पाहिली की डोक्याची हालचाल स्पष्ट दिसते. दवाखान्यात उत्तेजित झालेले पिल्लू पुष्कळदा अगदी सरळ चालते, त्यामुळे घरी घेतलेली ही चित्रफीत पशुवैद्याला तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

दोन्ही बाजू सारख्याच दुखत असतील तर लंगडणे दिसतच नाही, ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. दोन्ही कोपरे दुखणारे पिल्लू फक्त आखूड पावले टाकते, कोपरे अंगाशी घेते आणि पंजे बाहेर वळवून उभे राहते. दोन्ही खुबे दुखणारे पिल्लू पळताना मागचे पाय सशासारखे जोडीने उचलते, बसलेले असताना उठायला वेळ लावते आणि बसतानाही एका कुल्ल्यावर कलून पाय बाजूला सोडते. ‘आमचा आळशीच आहे’ असे ज्या सहा महिन्यांच्या पिल्लाबद्दल सांगितले जाते, त्याच्या बाबतीत मला नेहमी आधी याची शंका येते.

यानंतर हाताने तपासणी. सुरुवात पंजापासूनच करावी, कारण तुटलेले नख, तळव्यातला काटा किंवा बोटांमधली जखम हीसुद्धा परत परत लंगडण्याची कारणे असतात आणि ती सापडली तर बाकीचा शोध वाचतो. पिल्लू कुशीवर शांत पडलेले असताना आधी चांगला पाय आणि मग शंकेचा पाय अशा क्रमाने बोटांपासून वर सरकत हलका दाब द्यावा. चांगल्या पायाने सुरुवात केल्याने पिल्लाची नेहमीची प्रतिक्रिया कळते. दाब दिल्यावर पिल्लू मान वळवून हाताकडे पाहते, ओठ चाटते, पाय ओढून घेते किंवा श्वास क्षणभर रोखते. किंचाळण्याची वाट पाहू नये. दुखणे हाडाच्या मधोमध आहे, सांध्यात आहे की सांध्याच्या लगेच वर आहे, एवढे नोंदवले तरी पुरे. सांधे जोर लावून वाकवण्याचे काम पशुवैद्यावर सोडावे.

एक वही ठेवावी आणि त्यात तारीख, पाय, लंगडणे विश्रांतीनंतर दिसले की धावण्यानंतर, आदल्या दिवशी काय झाले, त्या आठवड्याचे वजन आणि खाण्यातला बदल एवढे लिहावे. तीन-चार वेळच्या नोंदी झाल्या की आकृती उमटू लागते.

वय आणि जागा यांवरून येणारे अंदाज

पाच ते अठरा महिन्यांच्या वयात, दुखापतीशिवाय अचानक सुरू होणारे, काही दिवसांनी एका पायातून दुसऱ्या पायात जाणारे आणि हाडाच्या मधल्या भागावर दाब दिल्यावर दुखणारे लंगडणे बहुधा पॅनॉस्टिआयटिस या विकाराचे असते. हा लांब हाडांच्या आतील मज्जेच्या पोकळीचा विकार असून जर्मन शेफर्डमध्ये सर्वाधिक आणि मादीपेक्षा नरात अधिक आढळतो. एकेक झटका साधारण दोन-तीन आठवडे टिकतो, मध्ये बरे दिवस येतात आणि वय वाढले की विकार आपोआप थांबतो. वारंवार परतणे हा या विकाराचा स्वभावच असल्यामुळे त्याचे निदान झाले की धीर धरता येतो. मात्र सुरुवातीच्या आठवड्या-दहा दिवसांत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही याचा अर्थ काही नाही असा घेऊ नये.

लंगडणे नेहमी त्याच पुढच्या पायात असेल, पळापळीनंतर वाढत असेल आणि झोपेतून उठल्यावर ताठरपणा दिसत असेल, तर विचार वेगळा करावा लागतो. खांद्याच्या सांध्यात कूर्चेचा तुकडा सुटण्याचा ऑस्टिओकाँड्रोसिस हा विकार आणि कोपराचा डिस्प्लेसिया, म्हणजे सांध्याची सदोष घडण, हे दोन्ही साधारण चार ते दहा महिन्यांत डोके वर काढतात. कोपराचा प्रकार लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, बर्नीज माउंटन डॉग आणि जर्मन शेफर्ड यांच्यात विशेष आढळतो आणि साध्या एक्स-रेमध्ये तो निसटू शकतो. तिथे सीटी स्कॅनची गरज पडते. एकाच बाजूला लंगडत असले तरी दोन्ही बाजूंचे चित्र काढून घ्यावे, कारण हे विकार पुष्कळदा दोन्हीकडे असतात.

दोन ते आठ महिन्यांच्या पिल्लात मनगटांच्या वरच्या भागात सूज, ताप आणि मलूलपणा एकत्र आला तर हायपरट्रॉफिक ऑस्टिओडिस्ट्रॉफीचा विचार होतो. हा विकार ग्रेट डेन आणि वायमारनर यांच्यात जास्त आढळतो आणि त्यात पिल्लाला रुग्णालयात ठेवण्याचीही वेळ येऊ शकते. ताप आणि पाय बदलणारे लंगडणे यांची जोडी गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांतही दिसते, त्यामुळे रक्त तपासणे आवश्यक ठरते. त्याउलट दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचे मनगट खचून ते जवळजवळ मनगटावरच चालल्यासारखे दिसत असेल, पण दुखत नसेल, तर संतुलित आहार आणि पायाला पकड देणारी जमीन मिळाल्यावर ते बहुधा काही आठवड्यांत सरळ होते. त्याला पट्ट्या बांधून ठेवल्याने स्नायू आणखी सैल पडतात.

ताटलीतले कारण

कारण यांपैकी कोणतेही असो, आहार तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. इथे सर्वांत मोठा गैरसमज कॅल्शियमचा आहे. हाडे वाढत आहेत, पिल्लू लंगडते आहे, म्हणजे कॅल्शियम कमी पडत असेल, असा तर्क करून संतुलित पपी फूड चालू असतानाच वरून कॅल्शियमचे सिरप, पावडर किंवा गोळ्या सुरू केल्या जातात. हा तर्क सहृदय असला तरी चुकीचा आहे. प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेप्रमाणे कॅल्शियमचे शोषण कमी-जास्त करते. सुमारे सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हे नियंत्रण नीट जमत नाही आणि आहारात कॅल्शियम कितीही जास्त असले तरी त्याचा जवळपास निम्मा वाटा शरीरात शोषला जातो. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या अभ्यासात आहारातील कॅल्शियमचे प्रमाण १.१ टक्क्यावरून ३.३ टक्क्यांवर नेल्यावर पिल्लांच्या हाडांत आणि कूर्चेत ठळक बिघाड झाले. जादा कॅल्शियममुळे कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया मंदावते. त्यातून ऑस्टिओकाँड्रोसिस आणि पुढच्या पायांचा वाकडेपणा उद्भवू शकतो. म्हणजे ज्या दुखण्यावर उपाय म्हणून ते सिरप दिले जाते, तेच दुखणे त्यामुळे वाढू शकते. संतुलित तयार अन्न खाणाऱ्या पिल्लाचे वरचे कॅल्शियम आजच बंद करावे. ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब आणि कॉड लिव्हर ऑइल यांनाही हेच लागू आहे.

याच्या अगदी उलट टोकाला निव्वळ मांसावर वाढवलेली पिल्ले असतात. हाडाशिवायच्या मांसात कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीसपट असतो. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून ते काढू लागते, हाडे पातळ होतात आणि पिल्लू चार पायांनी दुखरे चालते. एखाद्या साध्या उडीतही हाड मोडू शकते. इथे उणीव खरी असते, पण उपाय कॅल्शियमच्या इंजेक्शनांचा नसून आहारच बदलण्याचा आहे. घरी शिजवलेले अन्न द्यायचे असेल तर त्याचे गणित पशुआहारतज्ज्ञाकडून करून घ्यावे. अंदाजाने घातलेली अंड्याच्या टरफलांची पूड प्रौढ कुत्र्यात कदाचित खपून जाईल. पन्नास किलोंकडे वाढणाऱ्या पिल्लात नाही.

तयार अन्नाच्या पिशवीवर काय पाहावे? अमेरिकेतील अ‍ॅफ्को या संस्थेच्या निकषांनुसार, प्रौढपणी सुमारे ३२ किलो किंवा त्याहून अधिक वजन होणाऱ्या पिल्लांच्या अन्नात कोरड्या घटकांच्या हिशेबाने कॅल्शियम किमान १.२ आणि कमाल १.८ टक्के असावे, आणि कॅल्शियम व फॉस्फरसचे परस्परप्रमाण १:१ ते २:१ या मर्यादेत असावे. इतर अन्नांना मात्र कमाल २.५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. त्यामुळे पिशवीवर ‘पपी’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. ते अन्न मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसाठीही योग्य असल्याचे स्पष्ट विधान त्यावर असायला हवे. पिशवीवरचा आकडा ओलाव्यासह दिलेला असतो. दहा टक्के ओलावा असलेल्या अन्नावर कॅल्शियम १.४ टक्के लिहिले असेल, तर कोरड्या हिशेबाने ते सुमारे १.५६ टक्के होते. फक्त किमान प्रमाण छापलेले असेल तर कंपनीला कमाल किंवा प्रत्यक्ष प्रमाण विचारावे. उत्तर देण्याची टाळाटाळ झाली तर मी तरी ते अन्न मोठ्या जातीच्या पिल्लाला देणार नाही.

‘चौथ्या महिन्यातच मोठ्यांचे अन्न सुरू करा, म्हणजे वाढ मंदावेल’ हा सल्ला अजूनही दिला जातो. त्यामागचा हेतू योग्य असला तरी उपाय योग्य नाही. प्रौढांच्या अन्नात ऊर्जा कमी असल्यास पिल्लाला ते जास्त द्यावे लागते आणि कॅल्शियमचे एकूण प्रमाण उलट वाढू शकते. प्रथिने कमी केल्याने हाडे सांभाळली जातात हीही जुनी समजूत आहे. ग्रेट डेन पिल्लांवरच्या अभ्यासात प्रथिनांच्या प्रमाणाचा हाडांच्या विकारांशी संबंध आढळला नाही. वाढीचा वेग ठरतो तो एकूण ऊर्जेवर, म्हणजेच आपण किती घालतो यावर.

आणि हे ‘किती’ फार महत्त्वाचे आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात भावंडांच्या जोड्या करून, आठ आठवड्यांच्या वयापासून जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न देण्यात आले. कमी खाणाऱ्या गटात दोन वर्षांच्या वयात खुब्याच्या डिस्प्लेसियाचे प्रमाण बरेच कमी दिसले, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे मध्यक आयुष्यही १३ वर्षे, म्हणजे दुसऱ्या गटाच्या ११.२ वर्षांपेक्षा जवळपास दोन वर्षांनी अधिक भरले. आनुवंशिक दोष आहाराने पुसला जात नाही, परंतु तो किती उघड होईल हे मोठ्या प्रमाणात वजनावर ठरते.

बारीक आणि उपाशी यांतला फरक हाताने कळतो. आपल्या उघड्या पंजाच्या पाठीवरून बोटे फिरवली असता हाडे जशी लागतात, तशाच पिल्लाच्या बरगड्या पातळ आवरणाखाली लागायला हव्यात. वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली आणि बाजूने पाहिल्यावर पोट मागे वर चढलेले दिसावे. नऊ अंकांच्या शरीरस्थिती मापनात हे चार ते पाच अंकांच्या दरम्यान येते. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर दिवसाचे अन्न सुमारे दहा टक्क्यांनी कमी करून दर आठवड्याला वजन व बरगड्या पुन्हा पाहाव्यात. कपाने मोजणे सोडून वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजावे, कारण एकाच कपात दोन माणसे वेगवेगळे अन्न भरतात. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन आणि पुढे दोन वेळा द्यावे, भरलेली ताटली दिवसभर समोर ठेवू नये आणि अन्न बदलायचे असल्यास आठवडाभरात थोडे थोडे मिसळत बदलावे. वजनाच्या तक्त्यात पिल्लू सर्वांत वर असणे ही अभिमानाची बाब मानली जाते. सांध्यांच्या दृष्टीने ती धोक्याची सूचना आहे.

जमीन, जिने आणि व्यायाम

गुळगुळीत फरशीवर वाढणारे पिल्लू दिवसातून असंख्य वेळा पाय फाकवून स्वतःला सावरते. त्याच्या नेहमीच्या वाटेवर, विशेषतः जेवणाच्या जागी आणि वळणावर, रबरी पाठ असलेल्या चटया अंथराव्यात, नखे वेळेवर कापावीत आणि तळव्यांमधले वाढलेले केस कातरावेत. नॉर्वेमध्ये न्यूफाउंडलंड, लॅब्राडॉर, लिऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या डिस्प्लेसियाचा धोका अधिक, तर मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळे बागडणाऱ्यांत तो कमी आढळला. म्हणून पिल्लाला कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. त्याच्या मनाने चाललेले, हवे तेव्हा थांबता येणारे हिंडणे हितकारक असते. चेंडूमागे सुसाट धावून गर्रकन वळणे, सायकलसोबत पळणे, उंचावरून उड्या आणि मोठ्या कुत्र्यांशी दणकट मस्ती वाढ पूर्ण होईपर्यंत टाळावी. वयाच्या प्रत्येक महिन्यामागे पाच मिनिटे चालवावे, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. त्यामागे संशोधनाचा आधार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू उठताना ताठर दिसते का, हेच कालचा व्यायाम जास्त झाला का ते सांगते.

विश्रांतीच्या काळातले शिक्षण

लंगडणे दिसल्यावर दोन आठवड्यांची सक्त विश्रांती सांगितली जाते आणि बहुतेकदा चौथ्या दिवशी मोडते, कारण तीस किलोंचे, दातांना काम शोधणारे पिल्लू रिकामे बसत नाही. विश्रांती पार पाडायची असेल तर ती आधी शिकवलेली असायला हवी. पिल्लू निरोगी असतानाच त्याला जाळीच्या कुंपणात किंवा क्रेटमध्ये थोडा थोडा वेळ चघळण्याची वस्तू देऊन स्वस्थ राहण्याची सवय लावावी. झटका आल्यावर बाहेर नेणे फक्त शी-शूपुरते, आखूड पट्ट्यावर ठेवावे आणि दिवसाच्या ठरलेल्या अन्नातलेच काही दाणे बक्षीस म्हणून वापरून तीन-चार मिनिटांचे छोटे पाठ घ्यावेत. उभ्या उभ्या हाताला नाक लावणे, नजरेला नजर देणे, अंथरुणावर जाऊन पडून राहणे, टॉवेलच्या घड्यांत लपवलेले दाणे वासाने शोधणे, अशा कामांनी पिल्लू धावण्याइतकेच दमते. वरचा खाऊ दिलाच, तर तो दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नये.

या काळात ‘बस’चा सराव पुन्हा पुन्हा करून घेऊ नये. बसण्या-उठण्यात खुबे आणि गुडघे पूर्ण वाकतात. काल झटकन बसणारे पिल्लू आज ‘बस’ म्हटल्यावर नुसते पाहत राहते, अर्धवट बसून उठते किंवा मागचा भाग हात लावताच गुरगुरते, तेव्हा त्याला हट्टी ठरवून मागून दाबून बसवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते पाहताना फार वाईट वाटते. शिकलेली गोष्ट अचानक सोडून देणे हे वाढत्या पिल्लात दुखण्याचे लक्षण समजावे आणि त्या दिवशी शिक्षण थांबवून हाताने तपासणी करावी.

लंगडण्याशी थेट संबंध असलेल्या दोन सवयी आहेत. पट्टा ओढत चालणारे पिल्लू पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर सतत भार घेते; पट्टा ताणला की आपण थांबावे, सैल होताच पुढे निघावे, आणि घरातील प्रत्येकाने हेच करावे. दुसरी सवय माणसांच्या अंगावर उड्या मारण्याची. छोट्या पिल्लाचे कौतुक म्हणून लावलेली ही सवय पुढे मागच्या पायांवर सगळे वजन तोलायला लावते. चारही पाय जमिनीवर असतानाच लक्ष द्यायचे, उडी मारली की पाठ फिरवायची, एवढे सातत्याने केले तरी ती सुटते. गाडीत चढ-उतार करताना उतरण लावावी किंवा एक हात छातीखाली व दुसरा मागच्या मांड्यांखाली घेऊन उचलावे. पंजे, कोपरे आणि खुबे हाताळू देण्याची सवयही खाऊ देत लहानपणीच लावावी. त्यामुळे पशुवैद्याची तपासणी नीट होते.

औषधे, वेळ आणि पुढची पावले

माणसांची वेदनाशामके कुत्र्यांना देऊ नयेत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्यांच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरते. पशुवैद्याने दिलेले कुत्र्यांसाठीचे वेदनाशामक वजनाच्या हिशेबाने, अन्नासोबत आणि सांगितले तितकेच दिवस द्यावे. त्याच्या जोडीला स्टेरॉइड चालू नाही याची खात्री करून घ्यावी. औषधाने लंगडणे थांबले तरी विश्रांती थांबवू नये. वेदना नाही म्हणून पिल्लू धावते आणि आधीच दुखावलेला सांधा आणखी झिजतो. ग्लुकोसामाइनसारख्या पूरकांचा पुरावा दुबळा आहे. ती द्यायचीच असतील तर त्यांत कॅल्शियम मिसळलेले नाही एवढे तरी पाहावे. निर्बीजीकरणाचा विचार असेल तर वेळेबद्दल चर्चा करावी, कारण गोल्डन रिट्रीव्हर आणि इतर काही मोठ्या जातींमध्ये एक वर्षाच्या आत, विशेषतः सहा महिन्यांच्या आत, केलेल्या निर्बीजीकरणानंतर सांध्यांचे विकार वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

आहार दुरुस्त केला, वजन आटोक्यात आणले, विश्रांती पूर्ण दिली आणि तरीही त्याच पायात, त्याच सांध्यात लंगडणे परतले, तर घरगुती निरीक्षण तिथे संपवून अस्थिशल्यचिकित्सा करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे. काही उपचारांना वयाची मर्यादा असते. खुबे सैल असल्याचे लवकर कळले तर ओटीपोटाच्या हाडाच्या जोडावर केली जाणारी एक छोटी शस्त्रक्रिया उपयोगी पडते, पण ती साधारण वीस आठवड्यांच्या आतच. त्यानंतरच्या, खुब्याची वाटी फिरवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी सांध्यात संधिवात सुरू झालेला नसावा लागतो आणि ती बहुधा वर्षाच्या आत करावी लागते. खुब्यांचा सैलपणा मोजणारी पेनहिप ही एक्स-रे पद्धत सोळा आठवड्यांपासून करता येते. म्हणून ज्या जातींत हा दोष जास्त आढळतो, तिथे लंगडण्याची वाट न पाहता चौथ्या महिन्यातच खुब्यांची तपासणी करून घ्यावी.

भेटीला जाताना वही, चित्रफिती, अन्नाच्या पिशवीवरील घटकांच्या तक्त्याचे छायाचित्र आणि आतापर्यंत दिलेल्या सर्व औषधांची व पूरकांची यादी सोबत न्यावी. कोपर, खांदा किंवा खुब्याच्या आनुवंशिक विकाराचे निदान झाले तर ते पिल्लू जिथून आणले तिथे लेखी कळवावे, म्हणजे त्याच्या भावंडांच्या मालकांनाही वेळेत तपासणी करता येईल, आणि आपल्या कुत्र्याची पैदास करू नये.